अनुभव धागा : वस्तीतून कॉलेजपर्यंत तुम्हाला कुणी पोचवलं?

नमस्कार मंडळी. गोव्यात कॉलेजं कमी नाहीत. साखळी, खांडोळा, केपे, पेडणे, सगळीकडे सरकारी कॉलेज आहे. तरीही आमच्या चिंबलच्या इंदिरानगरात बारावी झाली की बरीच मुलं कामाला लागतात, आणि दर वेळी कारण फी हेच नसतं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि सहा माणसं. बारावीच्या वर्षी मी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसायचे. हे ग्रंथालय १८३२ पासूनचं, पोर्तुगीज काळातलं. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. तिथे टेबल होतं, पंखा होता आणि कुणी 'ऊठ' म्हणत नव्हतं, एवढं पुरेसं होतं. निकालानंतर पुस्तक परत करायला गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, "बाय, फॉर्म भरलो मगो?" कॉलेजच्या अर्जाची मुदत दोन दिवसांनी संपत होती. घरात, शेजारात कुणालाच ते माहीत नव्हतं. त्या प्रश्नामुळे मी पदवीधर झाले. तुम्हाला असं कुणी, कुठे भेटलं? लिहा.

झुआरीनगर, वास्को
वडील बेळगावकडून सेंट्रिंगच्या कामाला आले, मी इथेच जन्मलो. गुण चांगले होते, अडलं ते पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याला. भाड्याच्या तीन खोल्या बदललेल्या, आणि एकाही मालकाने करार लिहून दिलेला नव्हता. एका कार्यालयात मला चार वेळा परत पाठवलं, दर वेळी नवा कागद सांगून. देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी शिकवणी घेणाऱ्या सरांनी शेवटी माझ्याबरोबर जमिनीवर बसून सगळं मांडलं : लसीचं कार्ड, बालवाडीची पावती, पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. आईने हे सारं साखरेच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याखाली जपलं होतं. दोन वर्षांच्या कागदांना पावसाचे डाग होते, म्हणून सर स्वतः शाळेत जाऊन हजेरीपटाचा उतारा घेऊन आले. दाखला मिळाला. सरांनी आम्हाला गणित शिकवलंच, पण आज मी वस्तीतल्या मुलांना सर्वात आधी सांगतो ते हेच : पहिलीपासूनचा एकही कागद टाकू नका.

वाळपईजवळून
बाबांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक दारात गंजत राहिला. पण मला सांगायचंय ते भाषेबद्दल. आमच्या गावची प्राथमिक शाळा मराठी, आणि पाचवीला गेलं की सगळं एकदम इंग्रजीत. विज्ञानाच्या तासाला बाईंनी विचारलं, ओले कपडे वाळतात ते कशामुळे? मला उत्तर येत होतं, बाष्पीभवन. मी तसं म्हटलं आणि वर्ग हसला. त्यानंतर मी तीन वर्षं हात वर केला नाही. आठवीत असताना गावातल्या एका ताईने, ती तेव्हा साखळीच्या कॉलेजात शिकत होती, आपल्या पडवीत फळा लावला. डावीकडे बाष्पीभवन, उजवीकडे इव्हॅपोरेशन. डावीकडे गुणोत्तर, उजवीकडे रेशो. रोज दहा शब्द. ती म्हणायची, "तुला हे येतंच, फक्त त्याचं दुसरं नाव शिकायचंय." माझ्या त्या वहीत बारावीपर्यंत शब्दांची भर पडत गेली. आता मी बी.एड. करतेय. पाचवीच्या दारात मुलं गप्प होतात आणि आपण त्यांना 'कच्ची' ठरवतो, याचा मला फार राग येतो.

मोती डोंगर, मडगाव
थोडक्यात लिहितो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी वडिलांच्या जुन्या नंबरवर जात होता. रिचार्ज नसल्याने तो नंबर कधीच बंद पडलेला. आधारला नवा नंबर जोडेपर्यंत मुदत गेली आणि एक वर्षाची रक्कम बुडाली. दहावीतच नंबर तपासून घ्या.

डिचोली
वाळपईच्या ताई, तुमची ती वही अजून असेल तर पानांचे फोटो टाकाल का? आमच्या वाड्यावर पाचवीत जाणारी सात मुलं आहेत.

म्हापसा, निवृत्त शिक्षिका
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्या भागात वाचनाची खोली आहे, पण ती संध्याकाळी लवकर बंद होते. मोलकरणीची मुलगी आईबरोबर भांडी घासून मोकळी होते, तेव्हा तिथे कुलूप असतं. गेल्या परीक्षेच्या वेळी आम्ही तिघींनी चावी मागून घेतली आणि पाळीपाळीने रात्री नऊपर्यंत बसलो. पहिल्या दिवशी दोन मुली आल्या, आठवड्यात अकरा. त्यातल्या चौघी दप्तराशिवाय, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. मग एका कोपऱ्यात चटई टाकली, चित्रांची पुस्तकं ठेवली.

मूळ धागा लिहिणाऱ्या बाय, यंदा निकाल लागला की शनिवारी मी लॅपटॉप घेऊन इंदिरानगरात येते. अर्ज भरायला बसता येईल अशी जागा तेवढी बघून ठेव.