गुळवेल, यकृत आणि दारातली वेल उपटण्याचा सल्ला

माळरान : 'गुळवेलीने यकृत नासते, दारातली वेल आजच उपटून टाका,' असे काल येथे एकाने लिहिले आणि ते वाचून माझे डोके फिरले. आमच्या कडुलिंबावर चढलेल्या वेलीचा अंगठ्याएवढा तुकडा ठेचून, रात्रभर भिजवून, सकाळी गाळलेले पाणी आजीने तापात घरातल्या सगळ्यांना पाजले. एकाचेही यकृत बिघडले नाही. १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भुईआवळ्याचा, म्हणजे यकृतासाठी दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका वनस्पतीचा, प्रयोग छापून आला आणि हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातला विषाणूचा अंश नाहीसा झाला, तेव्हा ही मंडळी कोठे होती?

रक्ततपासणी : पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा तसा गुण आला नाही, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. मुंबईत २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेणारे सहा जण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत डॉक्टरांकडे आले, आणि पुढे देशातल्या १३ केंद्रांनी अशा ४३ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी अनेकांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. आजी तापात चार दिवस देत असे. कोरोनात लोक आठवडेच्या आठवडे रोज पीत होते.

माळरान : ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरीच जात असावी, असे आयुष मंत्रालयाने तेव्हाच म्हटले होते.

रक्ततपासणी : मग बाजारातल्या चूर्णाच्या डबीत नेमकी कोणती जात आहे, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? आपला हा बचाव आपल्याच अंगाशी येतो.

चुनापाणी : आपण दोघे गुळवेलीवरून भांडत आहात, परंतु खेड्यात यकृताचा खरा घात काविळीची माळ करते; ही काड्यांची माळ लांबत गेली की कावीळ उतरते असे मानतात. माझ्या मावशीला सातव्या महिन्यात कावीळ झाली, तेव्हा घरच्यांनी तिच्या गळ्यात माळ घातली, हात चुन्याच्या पाण्यात धुतले आणि पाणी पिवळे झाले म्हणजे कावीळ उतरली असे मानून दहा दिवस दवाखाना टाळला. हातांना आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, म्हणून ते पाणी पिवळे होते. हिपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेतू शकतो. मावशी वाचली, बाळ वाचले नाही.

देवघर : ऐकून वाईट वाटले, तरी सर्वांना एकाच मापाने मोजू नये. माझ्या मुलाची माळ गळ्यापासून गुडघ्यापर्यंत वाढली आणि तो तीन आठवड्यांत बरा झाला.

चुनापाणी : हिपॅटायटिस एची कावीळ मुलांमध्ये बहुधा काही आठवड्यांत आपोआपच उतरते, माळ असो वा नसो. ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते; विश्वास नसेल तर एक खुंटीला टांगून पाहा.

देवघर : आपला मुलगा आजारी पडला असता, तर आपण अशी खुंटीची भाषा केली नसती.

माळरान : माळेचे समर्थन मी करणार नाही, तिला वनस्पतिशास्त्रात ओढू नका. रक्ततपासणी यांचे एवढेच मान्य करतो, की माझ्या आईला प्रतिकारशक्ती उलटल्यानेच थायरॉइडचा विकार जडला आहे, म्हणून तिचा रोजचा काढा आजपासून बंद. वेल मात्र उपटणार नाही, आपण समाधानाने झोपावे.

देवघर : मुलाची ती माळ जपून ठेवली होती, ती आठवड्यापूर्वी खुंटीला टांगली. आज मोजली, तर लांबी तितकीच आहे.

चुनापाणी : ती आधीच वाळलेली आहे, महाशय. ओली आणा.