रेझोल्यूशन कमी करण्याआधी
लिनक्सच्या वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली) १५० टक्के स्केलिंगमध्ये, म्हणजे सगळे दीडपट मोठे दाखवताना, अक्षरे धूसर दिसतात म्हणून रेझोल्यूशनच १९२०×१२०० करावे, हा अनेकदा दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. २८८०×१८०० च्या पडद्यावर मग प्रत्येक ठिपका दीडपट ताणला जातो आणि सगळेच धूसर होते. नागपुरात आमच्या धंतोलीच्या कार्यालयात मराठी मुद्रिते तपासताना याचा पहिला फटका रफार आणि अनुस्वार यांनाच बसतो. दोष बहुधा एक्सवेलँडमधून (जुने प्रोग्रॅम वेलँडवर चालवणारा दुवा) चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांपुरता असतो, कारण ते आधी लहान रेखाटून मग मोठे केले जातात. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये ५.२६ आवृत्तीपासून अशा प्रोग्रॅमांना स्वतःच स्केलिंग करू देण्याचा पर्याय आहे. तो आधी निवडून पाहावा. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप असेल, तर स्केलिंग २०० टक्के ठेवून ट्वीक्स या सेटिंग बदलण्याच्या प्रोग्रॅममधून फक्त अक्षरांचा आकार ०.८५ पट करणे मला अधिक सोयीचे वाटते.