बाबांचा नौपाड्यातला फ्लॅट : तिघा भावंडांत किंमत कुठली धरायची?

तलावपाळी
बाबा फाल्गुनात गेले. आई चार वर्षांपूर्वीच गेली. मृत्युपत्र नाही. मागे आम्ही तिघं: दादा, मी आणि धाकटी बहीण. ठाण्याच्या नौपाड्यातला वन बीएचके बाबांनी १९८६ साली घेतला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दादा-वहिनी तिथेच राहतात, बाबांचं शेवटचं आजारपण दोघांनीच काढलं. घर दादानेच ठेवावं याबद्दल आम्हा बहिणींचं दुमत नाही. आमच्या हिश्श्याचे पैसे तो कर्ज काढून देणार आहे.

अडलंय आकड्यावर. दादाने रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारी दरतक्त्यावरून, ७४ लाख काढले. एजंटने धाकटीला सव्वा कोटी सांगितले. चार दिवस झाले, दोघं एकमेकांचा फोन उचलत नाहीत. बाबांच्या वर्षश्राद्धाला तिघं एका पंगतीत बसावेत, एवढंच मला हवंय. किंमत कुणाकडून काढून घ्यावी? बाबा गेले त्या दिवशीची की आजची? सोसायटीत नॉमिनी दादा आहे, त्याने फरक पडतो का?

कोपरीकर
ताई, नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीने सांभाळतो. हिंदू वारसा कायद्याने तुम्हा तिघांचे हिस्से सारखे.

रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो. अख्ख्या विभागाला एक दर, त्यातून इमारतीच्या वयाचा घसारा वजा. तुमची गल्ली, पाणी, पुनर्विकासाची बोलणी त्यात कुठून येणार? आणि एजंट सांगतो तो मागणीचा भाव, सौदा त्यावर मिटत नाही. शेजारच्या इमारतींत वर्षभरात नोंदलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले उतारे, काढून बघा.

वाशी सेक्टर ९
आईच्या सिडकोच्या घराच्या वेळी आम्ही शासनमान्य व्हॅल्युअर (किंमत काढून देणारा) लावला. फी चौघांनी सारखी भरली आणि तो आला तेव्हा चौघंही हजर राहिलो. हे हजर राहणंच कामाला आलं. करारात ४१० चौरस फूट बिल्टअप (भिंती धरून) होतं, त्याने लेझरने मोजलं तर कार्पेट (आतली वापरायची जागा) ३३४ भरलं. न्हाणीघराच्या स्लॅबवर टकटक करून पोकळ आवाज ऐकवला, गंजून फुगलेली सळई दाखवली. धाकटा भाऊ ज्या आकड्यावर अडून होता, तो त्याने ती सळई बघून स्वतःच सोडला.

वाटणीला आजची किंमत धरा, पैसे आज द्यायचेत. मृत्युकर आपल्याकडे १९८५ सालीच रद्द झाला, त्यामुळे मृत्यूच्या दिवसाच्या किमतीवाचून काही अडत नाही. पण पैसे घेऊन हक्क सोडलात तर तुम्हा दोघींना भांडवली नफ्यावर कर लागू शकतो. त्यात बाबांची खरेदी किंमत धरतात, किंवा घर इतकं जुनं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्य धरता येतं. तो दाखलाही त्याच फेरीत मागून घ्या. आम्ही मागितला नाही, नंतर पुन्हा फी भरली.

हक्कसोडपत्राची नोंदणी हवीच. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीसाठी त्याला ५०० रुपये मुद्रांक असतो (२०२४ पर्यंत २०० होता). पण तुमच्यात पैशांची देवाणघेवाण आहे, म्हणून मसुदा आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घ्यायला, द्या. शुल्क वाचवायला रक्कम लपवू नका. उद्या तुमच्याकडे पैसे मिळाल्याचा पुरावा राहणार नाही आणि दादाकडे दिल्याचा.

कोपरीकर
पुनर्विकासाची कुजबुज असेल तर तेही आत्ताच बोला. पुढच्या काही वर्षांत जादा जागा किंवा पैसे मिळाले तर बहिणींचं काय, हे लिहून ठेवा. आमच्या आत्याकडे याच एका गोष्टीवरून वीस वर्षं जाणंयेणं बंद आहे.

तलावपाळी
दोघांचे आभार. काल दादाकडे जाऊन हे सगळं त्याला वाचून दाखवलं. पुनर्विकासाचं ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तेही लिहू. व्हॅल्युअर येईल त्या दिवशी तुम्ही दोघी पाहिजेच." मूळ करार बाबांच्या लोखंडी कपाटात वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली सापडला. किंमत १ लाख ६५ हजार, आणि मागच्या कोऱ्या पानावर बाबांच्या अक्षरात प्रत्येक हप्त्याची तारीख. दादाने त्याच पानाचा फोटो धाकटीला पाठवला. रात्री तिचा त्याला फोन आला. रविवारी ती डोंबिवलीहून येतेय.