मदत हवी आहे: लीच लेकवर वॉलाय मासा लागत नाही, वर दोरी तुटतेय

नवा_गळकरी: मिनेसोटातला हंगाम उघडून चार दिवस झाले, एकही वॉलाय नाही. दोन जिग (जड डोक्याचे गळ) दोरीसकट गेले. सगळे सांगतात म्हणून जळवा लावतोय. परवा घरी परत निघायचंय, लवकर सांगा.

खाडीकर: लाख एकरांहून मोठं तळं आहे ते! नेमके कुठे? धक्का की होडी? किती वाजता? पाण्याचं तापमान? तुटलेल्या दोरीचं टोक कसं दिसतं?

नवा_गळकरी: वॉकर बे, तळ्याची एक खाडी. भाड्याची होडी आहे, पण धक्क्यावरूनच टाकतोय. दुपारी १ ते ५. पाणी ४६ फॅरेनहाइट. दोरी ६ पौंडी मोनो (साधी नायलॉनची), टोक ब्लेडने कापल्यासारखं.

खाडीकर: मग पाइक माशाचे दात. गाठ सुटली असती तर टोक स्प्रिंगसारखं वळलेलं दिसलं असतं. जिगच्या वर फूटभर २० पौंडी फ्लुरोकार्बन (चिवट दोरी) बांधा.

हिमगळ: वॉकर बे सगळ्यात खोल, म्हणून उशिरा तापतो. तिथून बाहेर पडा. मोठ्या पाण्यात वारा ज्या काठावर येऊन आदळतोय तिथे ६ ते १० फुटांवर जा. लाटांनी पाणी गढूळ होतं, उजेड कमी होतो, लहान मासळी तिथे गोळा होते. वॉलायच्या डोळ्याला उजेड सोसत नाही, म्हणून सूर्यास्ताआधी एक तास आणि नंतर एक तास. दुपार वाया घालवू नका.

जळवा आत्ता नकोत. ५० च्या खाली जळू गोळा होऊन गळाला चिकटून बसते, वळवळतच नाही. १/८ औंस जिगला तीन इंची शायनर (आमिषाची लहान जिवंत मासळी) लावा: गळ तोंडातून घालून कल्ल्यातून काढायचा, मग पाठीत. जिग तळाला टेकू द्या, वीतभर उचला, सोडा, थांबा. थंड पाण्यात मासा ओढत नाही, दोरी नुसती जड लागते.

बोयावाला: जिग नवख्याला जमत नाही. सरकता बोया (दोरीवरचा तरंगता गोळा) लावा, शायनर तळापासून फूटभर वर.

हिमगळ: अंडी घालून झाल्यावर वॉलाय विखुरतात, शोधत फिरावं लागतं. बोया एका जागी बसवतो.

बोयावाला: नांगर टाकल्यावर बोयाच बरा. वाऱ्यात १/८ तळाला टिकतच नाही.

हिमगळ: तेव्हा १/४ घ्यायचा.

रवा_फ्राय: वॉलाय मिळाला तर हळद, तिखट, आगळ लावून रव्यात तळा. पाइकचे वाय आकाराचे काटे आधी काढा.

तळ्याकाठी: सोळा आणि त्यावरच्यांना मासेमारीचं लायसन लागतं. माणशी एकच दोरी.

खाडीकर: ते विचारलंच नव्हतं, पण होडीत लाइफ जॅकेट अंगावरच हवं. ४६ च्या पाण्यात पडलं की आधी दम कोंडतो, पोहणं नंतरची गोष्ट.

नवा_गळकरी: आज संध्याकाळी दोघं जातो. शायनर किती? उरले तर तळ्यात सोडू?

हिमगळ: दोन डझन. त्यांच्या बादलीतलं पाणी गार ठेवा, तापलं की मरतात. तळ्यात अजिबात सोडू नका, उरलेले कचऱ्यात. काठावर आलात की होडीचं बूच काढून पाणी सोडा, कायदाच आहे.