संयुक्त राष्ट्रांत वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी: सोलापुरातल्या सरकारी अनुभवावर अर्ज करता येतो का?

भुईकोट:
नमस्कार मंडळी. राज्याच्या वित्त व लेखा सेवेत आहे, सध्या नेमणूक सोलापुरात. आहरण व संवितरण (कोषागारातून पैसे काढणं आणि वाटणं), आस्थापना, निविदा, जडसंग्रह नोंदवही, लेखापरीक्षणाचे आक्षेप, हे सगळं रोजचं काम. शिक्षण एम.कॉम. संयुक्त राष्ट्रांच्या जाहिरातींत ‘सीनियर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर’ हे पद दिसतं. त्यात नेमकं काय करावं लागतं? आमचा जिल्हा पातळीवरचा अनुभव धरतात का? अर्ज कसा भरायचा? आणि इथली नोकरी सोडूनच जावं लागतं का? एक एजंट ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून रक्कम मागतो आहे, त्याबद्दलही सांगा.

हिशेबनीस:
आधी एजंटाचं. एक रुपया देऊ नका. संयुक्त राष्ट्रं अर्ज, परीक्षा, मुलाखत, प्रशिक्षण, कशासाठीही पैसे घेत नाहीत. अर्ज स्वतःच्या खात्यातून इन्स्पिरा या त्यांच्या यंत्रणेवर भरायचा असतो. मध्ये कुणाची गरजच नाही.

आता पद. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात व्यावसायिक श्रेणी पी-१ पासून पी-५ पर्यंत, त्यावर डी-१, डी-२ ही संचालकांची पदं. प्रशासकीय अधिकारी साधारण पी-३ किंवा पी-४ ला असतो, वरिष्ठ म्हटलं की बहुधा पी-५. पी-५ साठी पदव्युत्तर पदवी आणि किमान १० वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव मागतात. पी-४ ला ७, पी-३ ला ५. नुसती पदवी असेल तर अनुभव दोन वर्षं जास्त लागतो.

काम म्हणजे एखाद्या कार्यालयाचं किंवा शांतता मोहिमेतल्या विभागाचं अंदाजपत्रक, मनुष्यबळ, प्रवास, खरेदी, मालमत्ता आणि इमारत. ऐकायला ओळखीचं वाटेल. पण खरा कस अधिकारांची विभागणी सांभाळण्यात लागतो. जनरेटरच्या डिझेलचंच घ्या. वापरणारा विभाग किती लिटर आणि कोणत्या प्रतीचं हवं ते लिहून मागणी करतो. प्रमाणन अधिकारी पाहतो की तरतूद आहे का, लेखाशीर्ष बरोबर आहे का, खर्च मंजूर कामाचाच आहे का. खरेदी शाखा निविदा काढते. माल उतरवून घेणारा माणूस वेगळा. बिल आल्यावर मंजुरी अधिकारी करार, स्वीकृती आणि बिल ताडून पाहतो, मगच पैसे सुटतात. प्रमाणन आणि मंजुरी एकाच माणसाला करता येत नाही. उमोजा ही त्यांची संगणक प्रणाली ते करूच देत नाही. शिवाय प्रमाणनाचा अधिकार नावानिशी मिळतो. रजेवर जाताना ‘माझ्या वतीने सही करा’ असं सांगून तो दुसऱ्याला देता येत नाही.

घोटाळा होतो तो इथेच. मोहिमेच्या लहान कार्यालयात दोनच अधिकृत माणसं असतात. एक रजेवर, दुसऱ्याची बदली, आणि बिलं अडकतात. म्हणून पर्यायी अधिकाऱ्यांची नेमणूक आणि त्यांचं प्रशिक्षण आधीच करून ठेवावं लागतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कराराची मुदत संपून जाते आणि पुरवठा चालूच राहतो. मग कार्योत्तर मंजुरीची धावपळ, आणि तिच्यावर लेखापरीक्षण अहवालात हमखास आक्षेपाचा परिच्छेद. मोठ्या करारांची नवी प्रक्रिया मुदतीच्या किमान आठ-नऊ महिने आधी सुरू केलेली बरी, कारण कामाचा तपशील लिहिण्यातच दोन महिने सहज जातात. खरेदीचे तुकडे पाडून मर्यादेखाली बसवणं तिथेही तितकंच गंभीर मानतात.

डिझेलबद्दल आणखी एक, कारण याकडे फार कमी लोक पाहतात. डिझेल तापलं की फुगतं. ४० अंशांना मोजलेले १०,००० लिटर १५ अंशांच्या मापाने जेमतेम ९,८०० भरतात. सोलापूरचा मे महिना काढलेल्या माणसाला हे पटवायला नको. करारात मोजमाप कोणत्या तापमानाचं धरायचं हे लिहिलेलं नसेल, तर दर टँकरमागे दोन टक्क्यांचा खड्डा पडतो आणि तो शोधूनही सापडत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने करारातली अशी कलमं सहीआधी स्वतः वाचायची असतात.

अंदाजपत्रकाचं थोडक्यात. नियमित अंदाजपत्रक २०२० पासून वार्षिक, जानेवारी ते डिसेंबर. शांतता मोहिमांचं वर्ष १ जुलै ते ३० जून. मोहिमेचा खर्च तीन गटांत असतो: लष्करी व पोलीस, नागरी कर्मचारी, आणि कार्यचालन. आपल्याकडच्या पुनर्विनियोजनासारखं एका गटातून दुसऱ्यात पैसे हलवता येतात, पण अधिकाराच्या मर्यादेत आणि कारण नोंदवून. पगाराच्या तरतुदीत काही टक्के पदं रिक्त राहतील असं धरलेलं असतं. भरती अपेक्षेपेक्षा जोरात झाली की तीच तरतूद कमी पडते. आणि सदस्य देशांची वर्गणी उशिरा आली, तर तरतूद कागदावर असूनही तिजोरीत रोकड नसते. अशा वेळी कोणतं देणं आधी द्यायचं हे ठरवावं लागतं.

मालदांडी:
हिशेबनीस यांनी कामाचं नीट सांगितलं, मी अर्जाचं सांगते. जिल्हा पातळीवरचा अनुभव नक्की धरतात. पण तो लिहायची आपली सरकारी पद्धत आड येते. ‘आस्थापनाविषयक सर्व कामे पाहणे’ या वाक्यातून छाननी करणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याला हवं असतं: वार्षिक किती रकमेचं अंदाजपत्रक (रुपयांत आणि डॉलरमध्ये), हाताखाली थेट किती माणसं, कोणत्या मर्यादेपर्यंत तुमच्या सहीने खर्च मंजूर होतो, आणि तुम्ही केलेल्या बदलाने काय फरक पडला. उदाहरणार्थ: ‘प्रलंबित लेखाआक्षेपांची विभागवार यादी केली, दर पंधरवड्याला आढावा लावला, अनुपालनाची मुदत निश्चित केली’, आणि पुढे किती आक्षेप निकाली निघाले तो खरा आकडा. क्रियापद तुमचं हवं. ‘करण्यात आले’ असं लिहिलंत तर ते कुणी केलं हा प्रश्न राहतो.

तारखा महिन्यासकट भरा. दोन पदांमध्ये मोकळा काळ असेल तर तो दाखवा. अतिरिक्त कार्यभार वेगळी नोकरी म्हणून दाखवू नका, नाहीतर तोच काळ दोनदा मोजल्यासारखा दिसतो. जाहिरातीत मागितलेला प्रत्येक अनुभव तुमच्या कामांच्या वर्णनात सापडला पाहिजे. छाननीच्या प्रश्नांना ‘होय’ म्हणायचं आणि वर्णनात त्याचा मागमूस नाही, यात बरेच अर्ज गळतात.

आपल्याकडच्यांनी विशेष जपायची गोष्ट विद्यापीठाच्या नावाची. पदवी देणारी संस्था जागतिक उच्चशिक्षण सूचीत असावी लागते. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं, त्याआधीच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. २०१९ पासून नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. तुमच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव असेल तर सूचीतून आजचं नाव निवडा आणि शेऱ्यात जुनं लिहा. निवडीनंतर पदवीची पडताळणी थेट विद्यापीठाकडून होते, तेव्हा नाव जुळलं नाही की पत्रव्यवहारात आठवडे जातात. पदवी, पासपोर्ट आणि सेवापुस्तक या तिन्हींवर तुमचं स्वतःचं नावही एकसारखं आहे ना ते आत्ताच पाहून घ्या.

पुढे वेळ लावलेली लेखी परीक्षा असते. त्यात बहुधा वरिष्ठांना टिपण्णी, खर्चाच्या तक्त्यातल्या त्रुटी, किंवा एकाच वेळी आलेल्या पाच कामांचा अग्रक्रम असं काहीतरी येतं. मुलाखतीत ‘तुम्ही काय कराल’ यापेक्षा ‘असा प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही…’ असे प्रश्न असतात. प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही उचललेली पावलं, निष्पत्ती, या क्रमाने तीन-चार मिनिटांत सांगायचं. सात-आठ प्रसंग तयार ठेवा आणि त्यातला एक तरी हाताखालच्या माणसाचं काम सुधारण्याबद्दलचा असू द्या, कारण वरिष्ठ पदाला ते विचारतातच. आपली माणसं ‘आम्ही केलं’ म्हणत राहतात आणि पॅनेलला गुण कशाला द्यायचे ते कळत नाही.

सातरस्ता:
नोकरीबद्दल: सोडूनच जावं लागतं असं नाही. अर्ज करण्याआधी विभागाकडे लेखी परवानगी मागा, राज्याच्या नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ मधून सुटका नाही. निवड झाली तर स्वीयेतर सेवेचा (मूळ नोकरी कायम ठेवून बाहेरच्या संस्थेत काम करण्याचा) मार्ग आहे, त्याचे नियम १९८१ चे. त्यात मूळ पदावरचा धारणाधिकार (परत येण्याचा हक्क), रजा वेतन आणि निवृत्तिवेतनाचं अंशदान कोण भरणार, हे आदेशातच स्पष्ट करून घ्या. अंशदान थकलं तर परतल्यावर तो काळ सेवेत धरून घेताना दमछाक होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांनी त्या काळातल्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) वर्गणीचंही विचारून ठेवावं.

जुन्या पेन्शन योजनेत असाल आणि २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली असेल, तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती हाही पर्याय आहे. संयुक्त राष्ट्रांत निवृत्तीचं वय ६५ आहे. ना हरकतीची फाईल मुलाखतीचं पत्र आल्यावर हलवायला घेतलीत तर उशीर होईल. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १०० प्रमाणे तिथला कर्मचारी कोणत्याही सरकारकडून सूचना घेऊ शकत नाही. त्यामुळे ‘तिकडे असताना इकडचंही जरा बघा’ असा कार्यभार स्वीकारू नका.

भुईकोट:
सर्वांचे मनापासून आभार. मालदांडीताई, विद्यापीठाच्या नावाचं डोक्यातही नव्हतं. आणखी दोनच प्रश्न. बाहेरून थेट पी-५ मिळणं कितपत शक्य आहे? आणि पगार, कर, पेन्शन कसं असतं?

दख्खनवारी:
थेट पी-५ अशक्य नाही, पण अवघड आहे, आणि सध्या तर फारच. मार्च २०२५ मध्ये यूएन८० ही सुधारणा मोहीम सुरू झाली आणि २०२६ च्या नियमित अंदाजपत्रकात सुमारे १५ टक्के कपातीचा प्रस्ताव आला. मालीतली मोहीम २०२३ अखेर बंद झाली, इराकमधली २०२५ अखेर. तिथले अनुभवी प्रशासकीय अधिकारी त्याच जाहिरातींना अर्ज करत आहेत. म्हणून पी-३, पी-४ आणि एक वर्षाच्या आतल्या तात्पुरत्या जागा सोडू नका. तात्पुरत्या जागेवर लवकर रुजू व्हावं लागतं, त्यामुळे वर सातरस्ता यांनी सांगितलेली परवानगी हातात असलेला माणूस तिथे पुढे राहतो.

भारतातूनही सुरुवात करता येते. राष्ट्रीय अधिकारी ही वेगळी श्रेणी आहे, एनओ-ए पासून वर, आणि ती फक्त त्या देशाच्या नागरिकांसाठी. दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेचं आग्नेय आशिया प्रादेशिक कार्यालय, लोधी इस्टेटमधली संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं, मुंबईत युनिसेफ. आणि सोलापूरकरांनी आपल्या हैदराबाद रस्त्याकडे जरूर पाहावं. पाटणचेरूला १९७२ पासून इक्रिसॅटचं मुख्यालय आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांवर काम करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था. ती संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही, पण देणगीदारांचा निधी, आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण आणि अनेक देशांचे कर्मचारी हा अनुभव तिथे मिळतो आणि पुढच्या अर्जात तो वजनदार ठरतो. ज्वारीचा जिल्हा असून आपल्याकडची मुलं तिथल्या प्रशासकीय जागा पाहत नाहीत याचं वाईट वाटतं.

पगार: व्यावसायिक श्रेणीला जगभर एकच मूळ पगार, डॉलरमध्ये. त्यावर त्या शहराच्या महागाईप्रमाणे पोस्ट अ‍ॅडजस्टमेंट. ठिकाणांची वर्गवारी एच (मुख्यालयं आणि तशीच सोयीची शहरं) आणि ए ते ई अशी असते. ई सर्वांत खडतर, तिथे भत्ता जास्त. काही ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. हे जाहिरातीत लिहिलेलं असतं, घरी आधी दाखवा.

पेन्शन: निवृत्तिवेतनपात्र वेतनाच्या ७.९ टक्के तुमच्याकडून, १५.८ टक्के संस्थेकडून. पाच वर्षं पूर्ण झाली तर पेन्शनचा हक्क, त्याआधी सोडलंत तर फक्त स्वतःची वर्गणी व्याजासह परत. साडेचार वर्षांनी परतायचा विचार करणाऱ्याने ही तारीख पाहूनच राजीनामा द्यावा.

कर: संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्याचा पगार १९४७ च्या विशेषाधिकार कायद्यामुळे भारतात करमुक्त आहे. संस्था स्वतःची अंतर्गत कपात करूनच पगार देते. पण सल्लागार किंवा कंत्राटी म्हणून गेलात तर ही सूट नाही, आणि करारावर कोणता शब्द आहे ते न पाहता सही करणारे इथेच फसतात. सोलापुरातल्या घराचं भाडं, बँकेचं व्याज यांवर नेहमीसारखा कर आहेच.

शेवटचं एक. अर्ज पाठवला त्याच दिवशी जाहिरातीची पूर्ण प्रत आणि भरलेला अर्ज दोन्ही उतरवून ठेवा. मुदत संपली की जाहिरात संकेतस्थळावरून जाते, आणि चार-पाच महिन्यांनी मुलाखतीचा ईमेल येतो तेव्हा पॅनेल त्यातल्याच शब्दांवर प्रश्न विचारतं.