संशोधन गटात घरून काम: मुभा कोणाला आणि किती?

प्रश्न (पाषाण, पुणे):
आमच्या जीवशास्त्राच्या गटात नऊ जण आहेत. चौघे संगणकावर प्रथिनांची सिम्युलेशन करतात, तर पाच जण पेशी वाढवून त्यांवर प्रयोग करतात. सिम्युलेशन सर्व्हरवर चालतात व घरूनही पाहता येतात, म्हणून चौघांनी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करण्याची परवानगी मागितली आहे. त्यांतली एक हडपसरहून येते. पावसाळ्यात तिचे येण्याजाण्यातच तीन तास जातात. मी होकार देण्याच्या बेतात होते, तोच प्रयोग करणाऱ्यांपैकी एकाने विचारले, ‘मॅडम, आमच्या पेशी घरी नेता येत नाहीत, हा आमचा दोष का?’ मला उत्तर सुचले नाही. आपण काय केले असते?

उत्तर १:
खगोलशास्त्रात उपकरणापासून दूर बसून काम करणे नवे नाही. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला आहेत; निरीक्षणांची विदा (डेटा) मात्र आम्ही जिथे असू तिथे तपासतो. तरीही नव्या विद्यार्थ्याला पहिले वर्ष मी समोर बसवतो. एखादा संकेत आकाशातून आला की जवळच्या वीजतारेतून, हे ओळखण्याची नजर कोणाच्या तरी शेजारी बसूनच येते, आणि ‘हे असे का दिसते?’ हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न कोणी मुद्दाम व्हिडिओ कॉल लावून विचारत नाही. प्रबंध लिहिणाऱ्याला तीन दिवसही चालतील. सरसकट चौघांना नकोत.

उत्तर २:
त्या विद्यार्थ्याचे दुखणे केवळ जागेचे नसावे. मी बरीच वर्षे पेशीसंवर्धन केले आहे. ३७ अंश सेल्सिअसच्या इन्क्युबेटरमधल्या पेशींना रविवार ठाऊक नसतो. दर दोन-तीन दिवसांनी मीडिया, म्हणजे त्यांचे पोषक द्रावण, बदलावाच लागतो. जो रविवारी येतो त्याला बुधवारी सुट्टी द्या, सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमांची मोजणी घरी करू द्या. शिवाय जे हजर असतात त्यांच्याच गळ्यात वरची कामे पडतात: पार्सल घेणे, फ्रीझरचा अलार्म वाजला की धावणे, द्रवरूप नायट्रोजन भरून घेणे. त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही, आणि खरी नाराजी तिथेच साचते. घरून काम करणाऱ्यांनी निदान खरेदीची कागदपत्रे आणि विदेचा बॅकअप सांभाळावा. रात्री एकट्याने द्रवरूप नायट्रोजन हाताळण्याला मात्र कोणतीही सवलत नको. बंद खोलीत तो वायुरूप होऊन पसरला की हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, आणि वास नसल्यामुळे ते कळतही नाही.

उत्तर ३:
संस्थेत बायोमेट्रिक हजेरी असेल तर गटप्रमुखाचा तोंडी होकार पुरत नाही. माझ्या एका सहकाऱ्याचे प्रकल्पावरील मानधन याच कारणाने दोन महिने अडकले होते. प्रशासनाकडून आधी लेखी मान्यता घ्यावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
सर्वांचे आभार. काल वरच्या कामांची यादी फळ्यावर लिहून पाहिली, तेव्हा गेल्या महिन्यात नायट्रोजन भरून घेण्याचे काम दर वेळी एकाच मुलीने केल्याचे दिसले. तिने कधी तक्रार केली नव्हती, आणि माझ्याही ते ध्यानात आले नव्हते. आता त्या कामांची पाळी नऊही जणांत लावली आहे. घरून काम करण्यासाठी तूर्त दोन ज्येष्ठ विद्यार्थ्यांचेच अर्ज प्रशासनाकडे पाठवते आहे. हडपसरची विद्यार्थिनी पहिल्या वर्षात असल्याने तिला गर्दी ओसरल्यावर, अकरापर्यंत येण्याची मुभा मागणार आहे. ती थोडी हिरमुसली आहे.