डर्ट बाइकची चेन दात सोडते: कड्या बदलू की पूर्ण चेन?

मातीवाट:
520 मापाची ओ-रिंग चेन (कड्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांची), पुढच्या स्प्रॉकेटला (दातांच्या चक्राला) 13 आणि मागच्याला 50 दात. चढावर थ्रॉटल दिला की ‘टक’ आवाज होऊन चेन दात सोडते. तीन-चार कड्या आखडल्या आहेत, अ‍ॅडजस्टर (चेन ताणायचा स्क्रू) जवळपास शेवटाला आलाय. आखडलेल्या कड्या काढून तिथे जोडकडी (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) टाकली तर चालेल का? नवी चेन घेतली तर लॉक, म्हणजे तिची जोडकडी, क्लिपचं (काढता येणारं) घ्यावं की रिव्हेटचं (पिनेचं डोकं दाबून पक्कं केलेलं)?

पाना_पक्कड:
कड्या बदलू नका. आखडलेल्या कडीचं ग्रीस निघून गेलंय, आत गंज आहे, आणि बाकीच्या कड्याही तेवढ्याच चालल्या आहेत. एका चेनला दोन-तीन जोडकड्या म्हणजे तुटायच्या तेवढ्या जागा वाढवल्या. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर इंजिनचं केसिंग फोडते, त्यामुळे इथे काटकसर नको.

खात्री करायची तर चेन ताणून धरा आणि 21 पिना मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या 520 चेनमध्ये 317.5 मिमी भरतात. 2 टक्के वाढ, म्हणजे साधारण 324 मिमी, ही चेन बदलायची मर्यादा. तुमच्या मॅन्युअलमध्ये त्याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

दोन्ही स्प्रॉकेटही सोबतच बदला. आकड्यासारख्या वाकलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. पुढच्या स्प्रॉकेटचा नट मात्र जुनी चेन चढवलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून ढिला करा. चेन काढल्यावर शाफ्ट फिरत राहतो आणि नट हलत नाही.

चिखलचाक:
जुनी चेन तोडताना पिनेचं डोकं आधी ग्राइंडरने प्लेटच्या पातळीपर्यंत घासा, मगच चेन ब्रेकर (पिन ढकलून काढायचं टूल) लावा. तसंच रेटलं तर ब्रेकरची सुई मोडते. डोळ्यांना गॉगल हवाच.

नवी चेन जुनीच्या शेजारी ठेवून कापू नका, कड्या मोजून कापा. 114 कड्यांची चेन 2 टक्के वाढली की 36 मिमी लांब होते, म्हणजे दोन कड्यांहून जास्त. दातांची संख्या बदलणार असाल तर नवी चेन प्रत्यक्ष स्प्रॉकेटवर गुंडाळून बघा.

लॉकबद्दल: रिव्हेट जास्त भरवशाचं, पण त्याला रिव्हेटिंग टूल लागतं. हातोडीने ठोकलेलं रिव्हेट नको. क्लिप वाटेतही बदलता येते, म्हणून मातीत बरेच जण तीच वापरतात. क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. वरच्या पट्ट्यात ती पुढे, इंजिनकडे. उघडी बाजू पुढे राहिली तर दगड-फांदी लागून क्लिप निघते. ओ-रिंग चार असतात, दोन आतल्या बाजूला आणि दोन बाहेरच्या प्लेटखाली. प्लेट कमी दाबली तर क्लिपची खाच उघडी पडत नाही, जास्त दाबली तर कडी आखडते.

मातीवाट:
धन्यवाद, पूर्ण सेटच घेतो. चेनला ढील किती ठेवू?

पाना_पक्कड:
आकडा आणि मोजायची जागा मॅन्युअलमधून घ्या, ती मॉडेलप्रमाणे बदलते. मागचं सस्पेन्शन दबून पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांडीचा) पिव्हट, म्हणजे ती जिथे फिरते तो सांधा, आणि मागचा एक्सल (चाकाची आस) एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. तेव्हाही थोडी ढील उरली पाहिजे. घट्ट चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि दातांत चिखल भरला की आणखी ताणते.

एक्सल कसताना मागच्या स्प्रॉकेटवर चेनखाली चिंधी सरकवून चाक मागे फिरवा. एक्सल दोन्ही अ‍ॅडजस्टरवर घट्ट टेकतो, मग नट ठरलेल्या टॉर्कने (जोराने) कसा. स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका, पिव्हटपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा.

चिखलचाक:
पहिल्या राइडनंतर ढील आणि क्लिप पुन्हा तपासा. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश ओ-रिंग खराब करतो. साफ करताना, तेल देताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं. गिअरमध्ये चालू ठेवून चिंधी लावली की ती चेनमध्ये ओढली जाते, आणि तिच्याबरोबर बोटंही.